चिलखत रंगवण्याआधी

प्रिय मकरंद,

फोमच्या चिलखताचे फोटो पाहिले. छातीचा बाक काय सुरेख साधलायस! पण एकांकिका तोंडावर आली म्हणून लगेच चंदेरी स्प्रे मारू नकोस, एवढं सांगायला घाईने लिहितोय. फोमचा धातू होतो तो रंगाच्या आधी.

ईव्हीए फोम म्हणजे आतून नुसते बारीक बुडबुडे. कापलेल्या कडांवर ते उघडे पडतात आणि रंग पीत राहतात. म्हणून कडा आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घे, मग सगळीकडून हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, फिरव. हात एका जागी थांबवू नकोस. मंद पृष्ठभागावर हलकी चकाकी आली की बुडबुड्यांची तोंडं मिटली म्हणून समज. फोम करपू देऊ नकोस, तो धूर वाईट. घासताना मास्क हवाच. पण स्प्रे आणि सांध्यांचा सोल्युशन गोंद वापरताना धुळीचा मास्क पुरत नाही, कार्बन फिल्टरचा लाव आणि गच्चीवर जा.

नंतर अस्तर, म्हणजे रंगाखालचा थर. ते लवचीक हवं, कारण नट वाकणार, बसणार, पडणार. कडक थराला पहिल्याच तालमीत भेगा जातील. रबरी स्प्रे मिळाला तर उत्तम, पण महाग पडतो. पांढरा फेविकॉल थोड्या पाण्यात पातळ करून चार-पाच हात दिलेस तरी भागतं. प्रत्येक हात पूर्ण वाळू दे, ही घाई अजिबात नको. घामाने फेविकॉल मऊ पडतो, तेव्हा शेवटी वार्निश विसरू नकोस.

आता रंग, माझा सगळ्यात लाडका भाग! आधी सगळं काळं कर. अ‍ॅक्रिलिकच घे. मग ब्रशवर थोडासा चंदेरी रंग घेऊन फडक्याला पुसून टाक आणि तो जवळजवळ कोरडा ब्रश फक्त कडांवरून, उंचवट्यांवरून फिरव. खोबणीत तपकिरी रंगाचं पाणी सोडून वरचं पुसून घे. कपड्याला जिथे घासेल, तलवार जिथे लागेल, तिथेच ओरखडे काढ; सगळीकडे सारखं मळवलेलं खोटं वाटतं. मंचावरच्या उजेडात बारकावे धुऊन जातात, म्हणून घरी जरा जास्त भडक वाटेल इतपत कर आणि दहा-बारा पावलं मागे जाऊन बघ.

शिरस्त्राणाचा तुरा थर्माकोलचा दिसतोय. त्यावर स्प्रे नको, तो विरघळेल. फेविकॉल आणि अ‍ॅक्रिलिक, दोन्ही ब्रशनेच लाव.

पट्टे कातड्याचे दाखवणार असलास तर त्यांना मॅट वार्निश आणि धातूला चमकदार. अस्तर झालं की फोटो पाठव, मग काळ्याच्या छटेचं बोलू.

तुझा,
अविनाश