कापडाने सल्ला नको, हाताला चाळा द्यावा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला ताण ओळखणाऱ्या कपड्यांवरचा लेख वाचला. शर्टाने छातीचे ठोके मोजायचे आणि ‘तुम्ही तणावात आहात’ असा मेसेज मोबाइलवर पाठवायचा म्हणे. अहो, ताण आलाय हे ज्याचं त्याला कळतंच की! त्यात आणखी एका मेसेजची भर कशाला?

सोलापुरात चादरींची डिझाइनं काढण्यात माझी हयात गेली. आधी ग्राफपेपरवर चौकोन भरायचे, मग नक्षीसाठी भोकं पाडलेली पंचकार्ड, पुढे कॉम्प्युटर आला. माझी सून बँकेत आहे. मार्चअखेरीला घरी आली की सोफ्यावरच्या चादरीच्या दशा बोटांत धरून पीळ घालते, सोडते, परत घालते. चहा गार होतो तरी तिचं लक्ष नसतं. आमच्या वेळच्या बायका पदराचं टोक चुरगाळायच्या, तीच ही गोष्ट. डिझाइनची सुरुवात या बोटांपासून व्हायला हवी. ब्रिटनमधल्या काही इस्पितळांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना लोकरीची विणलेली नळी देतात. आतबाहेर बटणं, फिती, मणी शिवलेले असतात. वीज अजिबात नाही, पण अस्वस्थ हात त्यात रमतात.

विजेशी माझं वैर नाही. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, घातला तर कापडाला बोटाचा स्पर्श कळू शकतो. मोबाइलमध्ये असते तसली थरथरणारी बारकी मोटर त्याला जोडायची. बोट फिरवलं की कापड संथपणे थरथरेल आणि माणूस त्या लयीत मिनिटाला साधारण सहा श्वास घेईल. मोटर ठेवायला जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, दुहेरी विणीत खिसा सोडता येतो, वेगळी शिलाई लागत नाही.

गाडी अडते ती धुण्यापाशी. २०१७ साली गूगल आणि लिव्हाइसने कफवर बोट फिरवून मोबाइल चालवायचं जॅकेट काढलं. किंमत ३५० डॉलर, आणि धुणी फक्त दहा! २०२३ मध्ये त्याचं अ‍ॅपही बंद पडलं. (प्रकल्पाचं नाव ‘जकार्ड’. आम्हा मागवाल्यांना तेवढाच मान.) आमच्याकडे बोअरचं जड पाणी, साबणचुरा आणि वर दगडावरची आपटणी. तेव्हा बॅटरी आणि मोटर टिच बटणांनी काढता आलीच पाहिजे, आणि ती काढल्यावरही उरलेलं कापड हाताळावंसं वाटलं पाहिजे: उंच-सखल वीण, टॉवेलला असतात तसे टेरीचे फासे, लांब दशा.

डिझाइनचे विद्यार्थी नमुना पुरा करून प्रदर्शनात मांडतात आणि मग आम्हाला विचारतात, ‘मागावर निघेल का?’ हे आधी विचारलं तर निम्मा खर्च वाचेल. ओळखीच्या कारखान्यात सॅम्पलसाठी आठवड्यातून एक दिवस माग मिळवून द्यायची माझी तयारी आहे. चांदीचा धागा मात्र ज्याचा त्याने आणावा, तो फार महाग पडतो.

आपला,
एक निवृत्त जकार्ड डिझायनर, सोलापूर