साहेब, ही शाल परत घ्या

प्रति,
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक साहेब यांस,

विषय : 'पोलीस-नागरिक संवाद मेळाव्या'त पाच मिनिटे बोलण्याचे निमंत्रण.

सा. न. वि. वि.

काल दुपारी आमच्या ठाण्यातला शिपाई घरी येऊन निमंत्रणपत्रिका देऊन गेला. आपण स्वतः येणार आहात, आणि ज्येष्ठांच्या वतीने 'पोलीस आपला मित्र' या विषयावर मी पाच मिनिटं बोलावं, अशी नम्र विनंती आहे. मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. विषय दिला की बोलता येतं. फक्त हा विषय पाच मिनिटांत आटपायचा नाही, म्हणून पत्र.

जानेवारीत रेझिंग डे, म्हणजे पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात याच ठाण्याने आम्हा बारा ज्येष्ठांना शाल-श्रीफळ दिलं. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते राज्याच्या पोलीस दलाला ध्वज मिळाला, ती हकिकत निरीक्षकांनी मुलांना छान सांगितली. आम्हाला म्हणाले, "रात्री बारा वाजता अडलं तरी फोन करा." प्रत्येकाला नंबर छापलेलं कार्ड दिलं. आमच्या फ्रीजवर ते अजून आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी, सहाच्या सुमारास, फिरायला गेलेल्या माझ्या पत्नीच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढून नेलं. ती पडली, उजवं मनगट मोडलं. कार्डावरचा नंबर बंद लागला; निरीक्षकांची बदली झाली होती. ११२ ची गाडी आली, अर्ध्या तासाने का होईना, ते नाकारत नाही. पण ठाण्यात ती गमछ्याने हात गळ्यात बांधून बाकावर बसलेली असताना ठाणे अंमलदार मला म्हणतात, "काका, मंगळसूत्र गहाळ झाल्याचा अर्ज द्या. लगेच शिक्का मारून देतो."

गहाळ! छत्री गहाळ होते, रेशनकार्ड गहाळ होतं. मानेवर वळ उठवून जे जातं त्याला मराठीत काय म्हणतात, ते मी सातवीच्या पोरांनाही विचारलं नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या न्याय संहितेत हिसकावून नेण्यासाठी ३०४ हे वेगळं कलमच आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय. हे मी तिथे बोलून दाखवलं. "वकील आहात का?" म्हणाले. मास्तर आहे म्हटलं. "मग मास्तर, बाईमाणसाला सोनं घालून फिरू देऊ नये, एवढं तरी कळायला हवं."

गुन्हा दाखल झाला अकराव्या दिवशी. साधी चोरी. मोडलेल्या मनगटाचा त्यात एक शब्द नाही. चौकातला कॅमेरा लोकवर्गणीतून बसवलेला; माझे त्यात दोन हजार रुपये आहेत आणि त्याच्या उद्घाटनालाही मी टाळ्या वाजवल्यात. पुढच्या आठवड्यात चित्रण मागायला गेलो तर जुनं आपोआप पुसलं जातं म्हणाले. आणि गेल्या महिन्यात समजपत्र आलं : तपास 'अ समरी'. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, न्यायालयाने फाइल बंद करावी. गुन्हा खरा आहे एवढं तरी मान्य झालं म्हणून पेढे वाटायचे का?

ठाण्याच्या मी बावीस-तेवीस फेऱ्या मारल्या असतील. गुडघ्याचं दुखणं आहे, साखर आहे, मुलगा पुण्यात. ते सोडा. ती आता फिरायला जात नाही. गळ्यात खोटं घालते आणि मागून गाडीचा आवाज आला की तेही मुठीत धरते. पोळी लाटताना मनगट अडतं, मग कणीक मी मळतो; वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी शिकलो. या गोष्टी तुमच्या कुठल्या रकान्यात बसतात, कळलं तर बरं होईल.

मागण्या म्हणाल तर फार नाहीत. इजा नोंदवून योग्य कलमं लावा, तपास पुन्हा उघडा. आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली केंद्राने जे नमुना नियम केले, त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठाण्याने ठेवावी आणि महिन्यातून किमान एकदा भेट द्यावी, असं लिहिलंय. आमच्याकडे कालपर्यंत एकदाच कोणी आलं. पत्रिका घेऊन.

कार्यक्रम मात्र दणक्यात होतात. ठाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे वर्षभरातले फोटो मी मोजले. दोनदा मोजले, एकदा एक्केचाळीस कार्यक्रम भरले, एकदा सेहेचाळीस. वृक्षारोपण, सायबर जनजागृती, शांतता समिती, मॅरेथॉन. शांतता समितीच्या फोटोत दहा वर्षं तीच डोकी आहेत. त्यातल्या दोघांमुळे गावाची शांतता जाते, हे शेंबडं पोरही सांगेल.

असं का होतं, ते मला ठाण्यातल्याच एका पोराने सांगितलं. माझा विद्यार्थी. बाहेर येऊन हळूच म्हणाला, "सर, चोरी लिहिली की आकडा वाढतो. क्राइम मीटिंगला साहेब विचारतात, त्यातले उघडकीस किती आले? गहाळ लिहिलं की कोणी विचारत नाही." म्हणजे कार्यक्रमांचे फोटोही तुम्हालाच पाठवायचे आणि गुन्ह्यांचा आकडाही तुमच्यासाठीच कमी ठेवायचा! तो पोरगा तरी काय करणार? गणपतीत, उरुसात, मंत्र्यांच्या ताफ्यात बारा-चौदा तास उभा. क्वार्टरचं छत गळतं. त्याच्याकडून मैत्रीची अपेक्षा करताना मलाच लाज वाटते.

पोलिसांना लोकांत जाता येत नाही, असं मी म्हणत नाही. १९८४ ला हिंदू-मुस्लिम दंगलीत पेटलेल्या भिवंडीत पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि मुंबई जळत होती त्या १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत दोन्हीकडची साधी माणसं आणि शिपाई वर्षानुवर्षं एकत्र बसत होते. पुढे १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली, बक्षिसं आली. आज शेजारच्या गावात त्या फलकावर कोणी जनावराच्या औषधाची जाहिरात चिकटवलीय. २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, हा त्यातला एक. आमच्या प्रकरणाचे तपास अंमलदार तीनदा भेटले, तिन्ही वेळा बंदोबस्ताला निघालेले. सरकारं बदलली, साहेब बदलले, बाक मात्र तोच, एक पाय आखूड असलेला.

तर मेळाव्याला मी येणार नाही. शाल धुऊन, घडी करून आज सकाळी ठाणे अंमलदारांच्या टेबलावर ठेवली. पोच मागितली, मिळाली नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक

ता. क. : पत्र पत्नीला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, त्या पोराचं नाव कुठे आलं नाही ना? नाही आलेलं. त्याला शोधत बसू नका.