लाल लघवी म्हणजे 'उन्हाळी'च नव्हे

माननीय संपादक,

३१ मेचा तंबाखूविरोधी दिन आला की तोंडाच्या नि फुप्फुसाच्या कर्करोगावर रकाने भरतात. मूत्राशयाचं नाव क्वचितच निघतं. बिडीच्या धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात, तिथेच अस्तराला डसतात. आमच्या सिन्नरात बिड्या वळण्यात पिढ्या गेल्या, ओढणाऱ्यांची तर मोजदादच नको. तरी हे मला कळलं वडिलांच्या आजारपणात.

अण्णांच्या लघवीतून पहिल्यांदा रक्त गेलं ते एप्रिलात. दुखलं-खुपलं काही नाही, दोन दिवसांत थांबलंही. घरात एकमताने 'उन्हाळी लागली' असं ठरलं. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा सुरू. पुन्हा गेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या, मग मूतखड्याच्या. सोनोग्राफी व्हायला दिवाळी उजाडली. न दुखता जाणारं आणि आपोआप थांबणारं रक्त हीच या रोगाची खूण, आणि नेमकी तीच माणसाला निर्धास्त करते. रुग्णालयात भेटलेल्या एका मावशींची तर वर्षभर गर्भाशयाचीच तपासणी चालली होती. हा पुरुषांचा रोग म्हणून बायकांच्या बाबतीत शंकाच येत नाही. मिश्री मात्र त्या लहानपणापासून लावत होत्या.

अण्णांचं नशीब, गाठ स्नायूत शिरली नव्हती. दुर्बिणीतून खरवडून काढली. मग ६ आठवडे, आठवड्यातून एकदा, नळीने मूत्राशयात बीसीजी सोडलं. हो, बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस. या कामासाठीची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. ती २ तास धरून ठेवायची, अधूनमधून कूस बदलायची. अण्णा भिंतीवरच्या घड्याळावरून नजर काढत नसत. गाठ स्नायूत गेली असती, तर बहुधा मूत्राशयच काढून पोटावर पिशवी लावायची वेळ आली असती.

पण खरं जड जातं ते पुढे. हा रोग पुन्हापुन्हा उगवतो, म्हणून पहिली २ वर्षं दर ३ महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी. शस्त्रक्रिया जनआरोग्य योजनेत झाली. मात्र दर खेपेला दोघांचं एसटीभाडं आणि माझा बुडालेला रोज घरचाच. अण्णांच्या शेजारच्या खाटेवर कापड रंगवण्याच्या कारखान्यातले एक कामगार होते (काही रंगद्रव्यांनीही हा रोग होतो). "आता रक्त जात नाही ना," म्हणून ते तपासणीला आलेच नाहीत. वर्षाने दिसले ते पिशवीसह.

चाळिशीपुढच्या कुणाच्याही लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी ग्रामीण रुग्णालयाने सोनोग्राफी करून मूत्ररोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. तालुक्याला नाही, तर निदान जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस दुर्बिणीच्या तपासणीसाठी ठेवावा. अण्णांची पुढची तारीख ऐन कांदाकाढणीत आली आहे आणि ते आत्तापासूनच "पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणताहेत.

– एक वाचक, सिन्नर