टू-स्ट्रोक घे, पण बाबांच्या कारणासाठी नको

डिचोली

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात ट्रॅकवर पळवायला तू बघितलेल्या दोन्ही मोटोक्रॉस (मातीच्या शर्यतीच्या) गाड्यांचे, यामाहाच्या टू-स्ट्रोक वायझेड १२५ चे आणि कावासाकीच्या फोर-स्ट्रोक केएक्स २५० चे, फोटो बाबांनी मोठे करकरून पाहिले. टू-स्ट्रोकचा आवाज तर जेवतानाही तीनदा लावला. त्यांचं मत तुला फोनवर कळलंच आहे. माझं सांगायचं राहिलं, कारण मध्ये मध्ये तेच बोलत होते. म्हणून बसून लिहिते आहे.

मी स्वतः ॲक्टिव्हाच्या पुढे गेले नाही, हे तू मला ऐकवशीलच. पण आपल्या पार्टच्या दुकानात काउंटरवर मी बसते. गाडी कशी धावते ते बाबांना कळतं, तिचा मालक परत परत दुकानाची पायरी का चढतो ते मला कळतं. ‘ताई, रिंग आसा?’ विचारत येणारा माणूस आणि ‘व्हॉल्व्ह कितीक येईल?’ विचारणारा माणूस, दोघांचे चेहरे वेगळे असतात. दुसऱ्याला आधी मी स्टूल देते, त्याचं बिल मोठं असतं.

तुझा कोच म्हणतो, टू-स्ट्रोक जुनी झाली, जगभर शर्यतीत फोर-स्ट्रोकच पळते. पळते हे खरं. १९९७ साली लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे स्टेडियममधल्या मातीच्या शर्यतीत, डग हेन्री यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर जिंकला, पुढच्या वर्षी वायझेड ४०० एफ बाजारात आली आणि तिथून वारं फिरलं. होंडाने तर २००७ नंतर सीआर मालिकेतल्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या बनवणंच थांबवलं. पण कोचला एवढं विचार, की त्या शर्यतींत टू-स्ट्रोक १२५ च्या शेजारी फोर-स्ट्रोक किती सीसीची उभी करू देतात? २५०. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडून जोर मिळतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. तो फरक भरून काढायला दुप्पट सीसीची मुभा दिली. मग दुप्पट इंजिनवाली पुढे गेली यात नवल ते काय? वायझेड १२५ आणि वायझेड २५० यामाहा अजून बनवते, केटीएमही टू-स्ट्रोक बनवते. जुनी म्हणून सोडायची असती तर त्यांनी कधीच सोडली असती.

ऑस्ट्रियात एर्झबर्गची शर्यत असते, तू व्हिडिओ दाखवले होतेस. ती लोखंडाच्या खाणीतच भरते, आपल्या पाळी-वेळग्यासारख्या पायऱ्या पायऱ्यांच्या खाणीत. तिथे वर चढायला बहुतेक नावाजलेले लोक टू-स्ट्रोक ३०० घेतात. हलकी, पडली तर उचलता येते, अडकली तर ओढून काढता येते. हा मुद्दा बाबांचा, आणि तो मला मान्य आहे.

पण बाबांचा खरा मुद्दा तो नाही. त्यांचा खरा मुद्दा आहे परसातली आरएक्स १००. तरुणपणी पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या, पिवळ्या-काळ्या गाड्यांची बोअर त्यांनी डोळे मिटून केली, त्यामुळे टू-स्ट्रोक म्हटलं की त्यांना वाटतं काहीही झालं तरी लेथवर नेऊ, सिलिंडर ०.२५ मिमीने वाढवू, ओव्हरसाइज पिस्टन घालू, झालं काम. बाय, वायझेड १२५ ची बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आरएक्ससारखी बिडाची नाही. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कडक थर दिलेला असतो. तो खरवडला की लेथवाला काही करू शकत नाही. एक तर नवा सिलिंडर, नाही तर पुन्हा प्लेटिंग, आणि तसलं प्लेटिंग डिचोलीत किंवा म्हापशात कुणी करून देईल या भरवशावर राहू नकोस. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते ‘बघू या’ म्हणाले. ‘बघू या’ म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तरीही माझं मत टू-स्ट्रोककडेच झुकतं. कारण दुसरी गाडी कोणती आहे ते बघ ना. तू साध्या फोर-स्ट्रोकशी तुलना करत नाहीस. समोर आहे केएक्स २५०, म्हणजे शर्यतीची फोर-स्ट्रोक. आपल्याकडे लोक फोर-स्ट्रोक म्हणजे टिकाऊ असं धरून चालतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर स्प्लेंडर असते. स्प्लेंडरचं ऑइल आपण किलोमीटरवर बदलतो. केएक्सचं तासांवर. पळवली तर पाच-सहा तासांत ऑइल उतरवायचं, आणि ते मावतं जेमतेम लिटरभर. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, फिलर गेजने तपासायची, कमी-जास्त झाली तर बारीक शिम, म्हणजे चकत्या, बदलायच्या. पिस्टन तिलाही लागतोच.

आणि तिच्या व्हॉल्व्हबद्दल ऐक. ते टायटॅनियमचे असतात, हलके, म्हणून इंजिन तेवढं वर ओरडू शकतं. पण त्यांना वरून कडक मुलामा असतो. फोमचा एअर फिल्टर नीट धुतला नाही, कडेला ग्रीस लावलं नाही, की आपली लाल धूळ आत शिरते. खाणींच्या रस्त्याकडेच्या केळीच्या पानांवर बसते ना, तीच, बोटाने पुसली तर पावडरसारखी. ती व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये घासत राहते. मुलामा गेला की व्हॉल्व्ह हळूहळू आत बसायला लागतो, टॅपेटची फट कमी होत जाते, आणि एक दिवस गाडी सकाळी सुरूच होत नाही. लोक म्हणतात बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत असते. शिम बदलून चार दिवस चालते, मग पुन्हा तेच. तेवढ्यावर भागलं तर ठीक. व्हॉल्व्ह तुटून आत पडला तर पिस्टन, हेड, कधी कधी क्रँकसुद्धा. त्या बिलाच्या वेळी मी समोरच्याकडे बघत नाही, कॅल्क्युलेटरकडे बघते.

जुन्या केएक्सचा मालक तुला ‘फक्त तीस तास चाललेय’ म्हणतो. तास मोजणारं मीटर लावलंय का? कधी लावलं? फिल्टर कोण धुवायचं? या प्रश्नांना तो काय उत्तर देतो ते नंतर बघ, देताना किती वेळ घेतो ते आधी बघ.

१२५ मध्ये तसले व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टन, रिंग, गजनपिन, बेअरिंग, गॅस्केट. शर्यतीसारखी पळवलीस तर वीस-तीस तासांनी हा संच बदलायचा, आणि तो तू हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये, एका संध्याकाळी, स्वतः बदलू शकतेस. बाबा व्हिडिओ कॉलवर ओरडतील तेवढं सोस. वारंवार लहान खर्च होईल, पण कधी होणार ते आधी कळेल. दुकान चालवणारीला हा खर्च आवडतो, कारण तो वहीत लिहिता येतो. केएक्सचा खर्च वर्षभर येत नाही आणि आला की वही मिटवायला लावतो.

वजनही बघ. वायझेड १२५ पेट्रोलसकट साधारण ९५ किलो, केएक्स २५० साधारण १०८. कागदावर फरक थोडा वाटतो. दुपारी चिखलात चौथ्यांदा पडल्यावर तो कुठे कळतो ते तुझ्या कंबरेला विचार. शिवाय १२५ ला खाली जीव नसतो. आरपीएम वर ठेवावे लागतात, क्लच बोटावर ठेवावा लागतो, वळणात वेग सोडून चालत नाही. २५० फोर-स्ट्रोक चुकीच्या गिअरमध्येही ओढून नेते, त्यामुळे तुझ्या चुका तुला दिसत नाहीत. तू शिकते आहेस, तुला त्या दिसलेल्या बऱ्या.

आता तुझ्या डोक्यात मिक्सचं गणित बसायला हवं. वायझेडला ऑइल पंप नाही, टू-टी ऑइल तू पेट्रोलमध्ये घालणार, तेवढंच इंजिनला मिळणार. बत्तीसाला एक म्हणजे पाच लिटरला साधारण १५६ मिली. मापाचा डबा घे, बाटलीच्या झाकणाने मापू नकोस. आणि इथेच बाबांच्या काळातली सवय उपयोगाची नाही. तेव्हा पंपावरचं पेट्रोल वेगळं होतं. आता ई-२०, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढतं. बाबा जुन्या डब्यातलं मिक्स चवथीपासून दिवाळीपर्यंत ठेवायचे, ते आता चालणार नाही. पावसाळ्यात उरलेलं मिक्स आठवड्याच्या वर ठेवू नकोस, टाकीतही नाही.

दुसरं म्हणजे इथेनॉलमुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि कार्बुरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) गाडी तापते. तापलेली टू-स्ट्रोक सीज होते, म्हणजे पिस्टन आत अडकतो, आणि मग वर सांगितलेला तो थर जातो. म्हणून मेन जेट एक नंबर मोठा घालून बघायला मालकाला सांग, आणि प्रत्येक फेरीनंतर प्लग काढ. चॉकलेटी असला तर ठीक. काळा, ओला असला तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त, नुसता धूर होईल. पांढरट असला तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, मग ट्रॅकवर कोणीही बोलवू दे. पांढऱ्या प्लगचा फोटो मला पाठव, बाबांना नको, ते ‘थोडं चालव’ म्हणतील.

उतारावरची गोष्टही लक्षात ठेव. फोर-स्ट्रोक रेस सोडली की इंजिनच गाडी धरून ठेवतं. टू-स्ट्रोक धरत नाही, मोकळी सुटते, सगळा भार ब्रेकवर. आणि रेस पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरलीस तर पेट्रोलबरोबर ऑइलही जात नाही, इंजिन फिरतंय मात्र जोरात. मध्ये मध्ये थोडी रेस दे, नाही तर क्लच दाबून उतर.

इकडे आणायचं म्हणतेस, त्याला माझा नकार आहे. दोन्ही गाड्यांची नोंदणी होत नाही, नंबर प्लेट नाही, विमा नाही. रस्त्यावर एक मीटरही नाही, पिकअपमध्ये घालूनच न्यायची. आणि नेणार कुठे? किनाऱ्यावर नेली तर गुन्हा. म्हादई अभयारण्यात नेली तर वनखातं. राहिल्या खाणी. २०१२ ला पहिल्यांदा बंद झाल्या तेव्हापासून पोरं डंपांवर, म्हणजे खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगांवर, गाड्या चढवतात, मला माहीत आहे, त्यांचे लिव्हर आणि फूटरेस्ट माझ्याकडूनच जातात. पण ती लीजची जागा आहे, आणि पावसात डंप खालून सुटतो. खाणीच्या पिटांत, म्हणजे खड्ड्यांत, पाणी इतकं खोल असतं की वरून हिरवं, शांत दिसतं. तिथे नाही. सड्यावर एखाद्या ओळखीच्याने त्याच्या जमिनीत बोलावलं तर वेगळी गोष्ट, तीही पावसाळा संपल्यावर. जून ते सप्टेंबर त्या कातळावर शेवाळ असतं, चालताना सुद्धा माणूस आपटतो.

तुला गोव्यातच फिरायचं असतं, चोर्ल्याच्या घाटातून नंबर प्लेटसकट, तर मी दोन्हींना नको म्हटलं असतं आणि हिरोची एक्सपल्स २०० घे म्हटलं असतं. जड आहे, पण तिचे पार्ट मी स्वतः मागवून देते. त्यावर तुझं तोंड वाकडं झालेलं इथून दिसतंय. पण तुला पुण्यात ट्रॅकवर पळवायची आहे, तर १२५ घे आणि पुण्यातच ठेव.

घेण्याआधी मालकाकडे कस्टमचे कागद माग. या गाड्या बाहेरून आलेल्या असतात, नुसतं ‘मित्राने आणली’ चालत नाही. सायलेन्सरची नळी काढून टॉर्च मार आणि एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघ. उभ्या रेघा दिसल्या तर निघून ये. आणि पहिला पिस्टन संच, क्लच प्लेटा आणि दोन प्लग गाडीबरोबरच घे, नंतर शोधत बसू नकोस. त्याचे पैसे मी देते. गाडीचे निम्मे बाबा देणार आहेत, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. गुडघ्याचे गार्ड आणि बूट मात्र नवे, जुने कोणाचे घेऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. पत्र बाबांनी वाचलं. प्लेटिंगवाल्या भागापाशी थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, जाशील त्या दिवशी मालकाला आधी फोन करू नको म्हणावं. गाडी थंड असताना हात लावून बघ, आधीच गरम केलेली असेल तर तिथेच काय ते समजून जा.