मशीनशेजारच्या काकांना

काका, सा. न.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, आईलाही नाही. घरात तुमचा उल्लेख 'मशीनवाले काका' असाच होतो. ठाणे स्टेशनात पश्चिमेला एटीव्हीएमपाशी, म्हणजे लोकलचं तिकीट काढायच्या मशीनपाशी, तुम्ही उभे असता. गळ्यात ओळखपत्र, हातात मशीनवर ठेवायचं, पैसे भरलेलं कार्ड. समोरच्यानं 'घाटकोपर' म्हणेपर्यंत तुमचं बोट पडद्यावर पोचलेलं असतं. 'सिंगल की रिटर्न?' एवढंच विचारता.

आई खारकर आळीतून मुलुंडला माझ्याकडे येते. कधी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. त्यामुळे पास परवडत नाही, आणि तिकीट म्हणाल तर पाच रुपयांचं. त्या पाच रुपयांसाठी वीस मिनिटं रांग, वर सुट्ट्यांवरून बोलणी. पूर्वी तिच्या पर्समध्ये तिकिटाच्या कुपनांची चोपडी असायची. मशीनमध्ये कुपन सरकवायचं, खटकन छाप उठवायची आणि चालू पडायचं. कुपनं बंद झाली तेव्हा आमच्यासारख्यांनी मोबाइल काढले. रेल्वेचं तिकिटांचं यूटीएस अॅप २०१४च्या डिसेंबरात आलं, तेव्हापासून मी खिडकीशी उभी राहिलेली नाही. आईचा फोन मात्र बटणांचाच.

"मी इथून काढून पाठवते" असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पण पेपरलेस तिकीट ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर दाखवावं लागतं. मग माझा तो तोरा कुठल्या कामाचा?

मग तिला तुम्ही भेटलात. पहिले काही महिने तुम्हीच तिकीट काढून द्यायचात आणि ती पाचाचं नाणं तुमच्या हातावर ठेवायची. एके दिवशी तुम्ही म्हणालात, "ताई, स्वतःचं कार्ड का करत नाही? मी नसेन त्या दिवशी काय कराल?"

आईनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला फारसं काही वाटलं नव्हतं. तुमची कमाई कशी होते ते नंतर कळलं. कार्डात पैसे भरले की वर मिळणारा तीन टक्के बोनस, तोच तुमचा मेहनताना. म्हणजे शंभराला तीन रुपये, आणि मुलुंडच्या तिकिटामागे पंधरा पैसे! दिवसभर त्या गर्दीत, पंख्याच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं ते या पैशांसाठी. आणि आईच्या हाती तिचं स्वतःचं कार्ड आलं की तेही पंधरा पैसे गेले. तरी शिकवायला तुम्ही स्वतःहून पुढे झालात.

कार्ड मिळवणं हे एक प्रकरणच झालं. रांग टाळायची म्हणून कार्ड घ्यायचं, आणि ते घ्यायला आधी खिडकीच्या रांगेत उभं राहायचं, हा न्याय मला अजून उमगलेला नाही. एका खिडकीवर (कुठली ते सोडा) तिला "आज कार्डं नाहीत" म्हणून परत पाठवलं. तेव्हा कोणत्या खिडकीवर, कुठल्या वेळेला जायचं ते तुम्ही जुन्या तिकिटाच्या पाठीवर लिहून दिलंत. तो कागद अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. माझं म्हणणं एवढंच की जिथं मशीन तिथंच कार्ड मिळावं. बघा, तुमच्या वरच्यांच्या कानावर घालता आलं तर.

आणि मग तुमची शिकवणी. आईची खोड अशी की तिकीट छापून यायच्या आधीच ती कार्ड उचलायची. दोनदा व्यवहार अर्धवट राहिला, मागची माणसं पुटपुटायला लागली. तिला तर वाटलं पैसे गेले! तेव्हा तुम्ही म्हणालात, "ताई, पोळी तव्यावर आहे असं समजा. फुगल्याशिवाय हात लावता का?" आयुष्यभर पोळ्या लाटलेल्या बाईला यापेक्षा नेमकं कोण सांगणार? तेव्हापासून कार्ड जागचं हलत नाही. तिकीट खाली पडलं की ते घेते, मगच कार्ड. मी सोबत असले तर मलाही हात लावू देत नाही.

मागच्या रविवारी मी तिच्या मागे उभी होते. पडद्यावर मराठी निवडली, मुलुंड, एक प्रवासी, परतीचं. चष्मा कपाळावरच होता. शेजारच्या मशीनशी एक बाई गोंधळलेल्या दिसल्या, तर आई तिथं जाऊन "थांबा, उचलू नका" म्हणाली. पोळीचं उदाहरणही दिलं, तुमचं नाव न घेता. मी मनात नोंद केली, कारण ती आता तुमची गिऱ्हाइकं पळवणार असं दिसतंय.

खरं तर आभार मीही मानायला हवेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आईला शिकवण्याइतका वेळ मला कधी मिळाला नव्हता. म्हणजे, मी काढला नव्हता.

परवा ती चकल्या घेऊन आली होती, पण तुम्ही नव्हता. दुसरे कोणी उभे होते, त्यांच्याकडे द्यायला तिचं मन झालं नाही, म्हणून डबा परत आला. येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊला पुन्हा येईल. तेवढे उभे राहा.

आणि हो, कार्डात शंभर रुपये भरले तर एकशेतीन दिसले. आई म्हणते, वरचे तीन काकांचे. ते ती डब्यासोबत आणणार आहे. सुट्टे.

तुमची,
मुलुंडच्या ताईंची मुलगी