सुरी टाकून देण्याआधी दगडावरचा आकडा बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात किचन टिप्सची जी छोटी चौकट असते ना, तिच्यात दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी सुरीला धार कशी लावावी हे येतंच, आणि दरवेळी तेच, मिठाच्या बरणीत सुरी खुपसा, सॅण्डपेपर कापा, कपाच्या बुडावर घासा. त्यातलं कपाचं बूड तेवढं खरंय, चिनीमातीच्या कपाखाली बिनचकाकीची जी खरबरीत कडा असते तिच्यावर धार खरंच थोडी सरळ होते, पण मिठाने आजतागायत कुणाच्या सुरीला धार आलेली मी तरी पाहिली नाहीये. धार लावायचा दगड घ्या, आणि घ्यायचा तर कुठला, हे कधीच कुणी लिहित नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल.

आमचा सायकलवाल्यांचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, रविवारी पहाटे पुण्याहून निघतो, खडकवासल्याला चहा-भजी आणि मग ज्याचे पाय चालतील तो पुढे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. मी चौपन्न वर्षांची, त्यामुळे माझा कार्यक्रम बहुतेकदा भज्यांपाशीच संपतो. तर मागच्या महिन्यात टपरीवरच्या मावशी कांदा चिरत होत्या आणि त्यांची सुरी बघून आमचे सगळे गप्प झाले, कारण पातं झिजून झिजून निम्म्यावर आलेलं, करंगळीएवढं, पण कांद्याची चकती अशी पडत होती की तिच्यातून पलीकडचं धरण दिसावं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "धार नसली की कांदा जास्त रडवतो बाई, रोज सकाळी दगडावर दोन हात मारते." खरंच आहे ते, बोथट सुरीने कांदा चिरला जात नाही, चेंगरला जातो, म्हणून डोळ्यांना जास्त झोंबतो.

झालं, तिथून जी गप्पा सुरू झाली ती टायरमधली हवा आणि नवीन डीरेलर (गिअर बदलणारा भाग) सगळं बाजूला ठेवून तासभर सुऱ्यांवरच. आमच्यातल्या काकांचं म्हणणं, कशाला पाहिजे दगड न् बिगड, ओट्याच्या कडेवर घासायची. अहो काका, ओटा कडाप्प्याचा, कडाप्पा म्हणजे चुनखडीच, तो स्टीलपेक्षा मऊ, सुरीला काही होत नाही, ओट्यालाच चरे पडतात. डॉक्टर म्हणाले माझ्याकडे ते खाचेतून ओढायचं यंत्र आहे, दोनदा ओढलं की काम. होतं काम, पण त्या खाचेत कडक धातूच्या दोन पट्ट्या असतात, त्या धार लावत नाहीत, पात्याचा कीस काढतात, वर्षभरात पातं करवतीसारखं. आणि आयटीतला जो आमचा पोरगा आहे त्याच्याकडे जपानी सुरी आणि तीन दगड, त्यांच्यावरचे आकडे चारशे, हजार आणि आठ हजार, तो म्हणाला काकू तुम्ही डायरेक्ट आठ हजारवालाच घ्या, आरशासारखी होते.

इथे मला माझीच फजिती आठवली, कारण मी हे आधी करून बसलेय. चार वर्षांपूर्वी मोठा आकडा म्हणजे भारी दगड असं समजून सगळ्यात मोठ्या आकड्याचा मागवला, चांगले अडीच हजार घालवले, अर्धा तास घासलं, पातं चकचकीत झालं, टोमॅटोवर ठेवलं तर टोमॅटो नुसता दबला. त्या आकड्याचा अर्थच मला माहीत नव्हता. आकडा जेवढा मोठा तेवढे दगडातले कण बारीक. जपानी मोजमापाने हजारच्या दगडात कण साधारण साडेअकरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि आठ हजारमध्ये सव्वा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आठ हजारचा दगड धार घडवत नाही, घडलेली धार पॉलिश करतो. बोथट सुरी त्याच्यावर घासणं म्हणजे चिखलाने बरबटलेली सायकल न धुता तिला मेणाचं पॉलिश मारणं. आणि गंमत म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातल्या सॅण्डपेपरवरचा पी हजार वेगळाच, त्याचा कण अठरा मायक्रॉनच्या वर. आकडा तोच, मोजपट्टी वेगळी, हे कुणी सांगत नाही.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच की आपल्या घरात ज्या साध्या स्टेनलेस सुऱ्या असतात त्यांना एकच दगड पुरतो, हजारच्या आसपासचा. फारच बोथट किंवा टवका उडालेली असेल तर एका बाजूला तीनशे-चारशे आणि दुसऱ्या बाजूला हजार असा दुतर्फी घ्या, बास. आपल्या सुऱ्यांचं स्टील मऊ असतं, तीन हजारच्या वर घासलेली नाजूक धार त्यात टिकतच नाही, दोन दिवसांत भोपळ्यावर जाते. त्या पोराची जपानी सुरी कडक स्टीलची, तिला सहा हजार शोभतो, आणि तीच सुरी नारळावर मारली तर टवका उडेल हेही त्याला मी सांगितलं, तो म्हणाला उडालाय.

मग पाण्याचा दगड की तेलाचा. सुतारांकडे पटाशी आणि रंध्याच्या पात्यासाठी जो काळा-करडा दगड असतो, ज्याला दुकानात ऑइल स्टोन नाहीतर कार्बोरंडमचा दगड म्हणतात, तो शे-दीडशेला मिळतो आणि वाईट मुळीच नाही, फक्त त्यावर बहुतेकदा आकडाच नसतो, नुसतं कोर्स (जाडसर) आणि फाइन (बारीक). फाइन म्हणजे किती फाइन? दुकानदार अंगठा फिरवून म्हणतो "मस्त आहे मॅडम". माझी खरी तक्रार ही आहे, दगडावर ग्रिटचा, म्हणजे कणांच्या बारीकपणाचा, आकडा छापायला किती शाई लागते हो? (कार्बोरंडम शब्दाची एक मजा सांगते. 1891 साली अमेरिकेत ॲचिसन नावाचा माणूस कृत्रिम हिरा बनवायला गेला आणि झालं सिलिकॉन कार्बाइड, त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडमचं काहीतरी आहे म्हणून हे नाव. आणि कोरंडम म्हणजे आपला कुरुंद, धारेचा कडक दगड, तो शब्द आपल्याच इकडून गेलेला, तमिळमधून. म्हणजे आपलाच कुरुंद जग फिरून हार्डवेअरच्या दुकानात परत आलाय.)

ऑइल स्टोनवर एकदा तेल घातलं की नंतर पाणी चालत नाही, आणि गोडेतेल तर घालूच नका, चिकट होऊन दगडाची छिद्रं बुजतात. आमच्या काकांनी एकदा चेनचं तेल घातलं होतं, धार लागली म्हणे छान, पण घरी काकडीच्या कोशिंबिरीला गॅरेजचा वास आला आणि तेव्हापासून काकूंनी त्यांना ओट्याजवळ फिरकू दिलेलं नाही. मी म्हणते स्वयंपाकघरात पाण्याचाच दगड बरा. काही दगड दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, बुडबुडे यायचे थांबले की तयार, आणि काहींना वरून शिंपडलं तरी पुरतं, ते खोक्यावर लिहिलेलं असतं.

घासताना पातं आणि दगड यांच्यात कोन किती ठेवायचा यावर तर टपरीवर भांडणच झालं. साध्या सुरीला वीस अंश, जपानीला पंधरा. कॉलेजात जाणारा एक मुलगा येतो आमच्यात, त्याने लगेच हिशोब केला की वीस अंश म्हणजे छत्तीस टक्क्यांचा चढ, काका म्हणाले मग सुरी हातात धरून ढकलतच न्यावी लागेल. हसण्यावारी गेलं पण अंशबिंश ओट्यावर कोण मोजणार, त्यापेक्षा सोपं सांगते, पात्याची जेवढी रुंदी असेल तिच्या एक तृतीयांश उंचीवर सुरीची पाठ उचला, वीस अंश होतात. एक चतुर्थांश उचललीत तर पंधरा. तीन सेंटिमीटर रुंद पातं असेल तर पाठ एक सेंटिमीटर वर, करंगळीच्या टोकाएवढी. आणि मग तो कोन हलू द्यायचा नाही, सगळी मेहनत त्यातच आहे, माझ्या पहिल्या दोन सुऱ्या मी मनगट हलवून हलवून गोल करून ठेवल्या.

माझी पद्धत अशी, दगडाखाली ओलं फडकं म्हणजे तो सरकत नाही, एका बाजूने घासत राहायचं, दगडावर काळसर गाळ येतो तो धुवायचा नाही, तोच काम करतो (मी आधी दर मिनिटाला नळाखाली धरायचे, शहाणी), आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने पाठीकडून धारेकडे हलकेच नख नेलं की बारीक कड अडकते. ती कड टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे लागली की मगच पातं उलटायचं. ती येण्याआधी उलटलंत तर कितीही घासा, टोमॅटो दबणारच. दगड मध्ये खोलगट व्हायला लागला की जाड काचेवर सॅण्डपेपर ठेवून सपाट करून घ्यायचा.

यावर कुणी म्हणेल गल्लीत धारवाला येतो ना. येतो, आणि आम्हा सायकलवाल्यांना तर त्याचं फार कौतुक, सायकल स्टँडवर चढवायची, पॅडल मारायचं, पट्ट्याने वरचं दगडी चाक गरागरा फिरतं, ठिणग्या उडतात, जागच्या जागी पाच किलोमीटर होत असतील त्याचे. विळी, कोयता, अडकित्ता त्याच्याकडेच द्या, आणि सुरीचं टोक मोडलं असेल तरी त्याच्याचकडे. पण कोरड्या चाकावर पातळ सुरी तापते, कडेला निळसर झाली की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे स्टीलचा कडकपणा गेला, समजायचं, म्हणून चांगली सुरी द्यायची तर "भाऊ, मधेमधे पाण्यात बुडवा" एवढं सांगायचं, ते बुडवतात, राग येत नाही त्यांना.

टपरीवर शेवटी मावशींना विचारलं तुमचा दगड कुठला, आकडा किती. त्यांनी मोरीजवळून एक काळा तुकडा आणून दाखवला, ऑइल स्टोनच, अर्धा तुटलेला, मध्ये वाटीसारखा खोल. "आकडा बिकडा नाय ओ, सुताराने टाकलेला, मी उचलला." आयटीवाला पोरगा तो हातात घेऊन बराच वेळ बघत होता. अंगठा फिरवून तो म्हणाला हजार तर नाहीच, चारशेच्या आसपास असेल. भजी गार झाली तोवर.

एक राहिलं, आणि ते तुमच्याशीच संबंधित आहे. दगडाचं काम झालं की ती नखाला लागणारी कड पूर्ण जायला हवी, त्यासाठी न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर मारतात तसं मी पेपरवर करते. कोरड्या दगडावर पेपराची चौपदरी घडी ठेवायची आणि धार मागे राहील अशा बाजूने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, प्रत्येक बाजूला दहा वेळा ओढायची, नंतर शाई असते म्हणून सुरी धुऊन घ्यायची. रविवारची गुळगुळीत पुरवणी यासाठी चालत नाही, रोजचा खरबरीत पेपर बरोबर लागतो. पुढच्या वेळी चौकटीत मिठाच्या जागी हे छापा.

आपली,
रोजची एक वाचक, पुणे