हात आधी धुवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयातल्या संसर्गाचा विषय निघाला की ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या’ म्हणून सगळे मोकळे होतात. वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आणि पुढे संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून मी काम केलं आहे. माहिती बहुतेकांना असते. लेखी चाचणी घ्या, हात धुण्याच्या पायऱ्या घडाघडा लिहून देतील. प्रश्न वृत्तीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि निर्जंतुक काम (इंजेक्शन, ड्रेसिंग वगैरे) करण्यापूर्वी, या दोन आधीच्या. बाकी तीन नंतरच्या. वॉर्डात उभं राहून पाहिलं की लक्षात येतं, नंतरचे हात धुतले जातात, आधीचे राहून जातात. रक्त, पू, लघवी लागली की कुणाला आठवण करावी लागत नाही, कारण तिथे भीती स्वतःच्या जिवाची असते. आपल्या हातून रुग्णाला काही जाईल, हे तितकं मनाला लागत नाही. 1847 साली व्हिएन्नातल्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी बाळंतिणींना तपासण्याआधी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले आणि तिथले मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हाही मुद्दा ‘आधी’चाच होता!

हातमोज्यांचं मला फार वाईट वाटतं. मोजे घालून एकाचा बीपी घ्यायचा, त्याच मोज्यांनी केसपेपर, पेन, पडदा, आणि तसंच शेजारच्या खाटेवर जाऊन कॅन्युलाचं (शिरेत बसवलेल्या नळीचं) झाकण उघडून इंजेक्शन द्यायचं. घालणाऱ्याचे हात तेवढे स्वच्छ राहिले. शेजारच्या रुग्णाचं काय?

एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड टाकायचा आणि बेसिन पार दुसऱ्या टोकाला, हेही खरं आहे. पण हँडरबला, म्हणजे पाण्याविना हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाला, 20 ते 30 सेकंद पुरतात. हात मळलेले दिसत असतील किंवा जुलाबाचा रुग्ण असेल, तर मात्र साबण-पाणीच हवं. बाटली प्रत्येक खाटेशी हवी, स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद नको.

राउंडला मोठे डॉक्टर हात न धुता पुढच्या खाटेकडे वळले की मागची सगळी रांग तशीच वळते. त्या रांगेतल्या शिकाऊ परिचारिकेने ‘सर, हात’ म्हटलं, तर तिला ओरडा बसणार नाही, हे व्यवस्थापनाने सर्वांसमोर सांगावं. आणि पुढच्या प्रशिक्षणात पहिल्या बाकावर वरिष्ठांना बसवावं.

— एक निवृत्त परिचारिका